तारा टेकडीवर नुसतं गवतच आहे का? आईवडिलांना घेऊन जाण्याआधी वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईवडील डब्लिनला येताहेत, हाताशी एकच मोकळा दिवस आहे. आयर्लंडच्या पुराणकथांतल्या राजांची जागा म्हणून तारा टेकडी दाखवावी असं तुमच्या मनात आहे, पण जाऊन आलेला मित्र म्हणतो, "गवताचे उंचवटे आणि मेंढ्या, बाकी काही नाही. राजवाडा कुठेच दिसला नाही." तेव्हा तारा करावं की सरळ न्यूग्रेंज, म्हणजे तिथून जवळचं पाच हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थळ? आणि 'तारा' हे नाव आपल्या तारादेवीवरून आलंय हे खरं का?

तुमच्या मित्रानं पाहिलं ते बरोबरच आहे. तिथे राजवाडा दिसत नाही, कारण तो तिथे नव्हताच. अडचण टेकडीत नाही, ती नावांत आहे. पाट्यांवर 'मेजवानीचा वाडा', 'कॉर्मकचं घर', 'राजांचा किल्ला' अशी नावं वाचली की माणूस भिंती, जोती, पायऱ्या शोधायला लागतो. ही नावं मध्ययुगातल्या कवींनी आणि पंडितांनी दिलेली आहेत. ज्या मातीच्या बांधांना ती चिकटली ते बांध त्यांच्या काळीही हजार ते चार हजार वर्षं जुने होते. आपल्याकडे नाशिकच्या बौद्ध लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणतात, तोच प्रकार. तिथे कुणी भीमाची खोली शोधत बसलं तर त्याच्या हाती काही लागणार नाही, आणि समोरचं सुंदर लेणंही बघायचं राहून जाईल. म्हणून तिथे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: आधी जमीन वाचा, मग नाव वाचा. हा क्रम उलटा झाला की तारा हातातून निसटते.

जायचं की नाही हे काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या आधी सांगून टाकते. पहिली गोष्ट हवा. टेकडी समुद्रसपाटीपासून जेमतेम १५५ मीटर उंच, पण चारी बाजूंना मोकळी. धुकं किंवा आडवा पाऊस असेल तर अर्धी जागा गेलीच म्हणून समजा, कारण दूरवरचं दिसणं हाच तिथला मोठा भाग आहे. दुसरी गोष्ट आईबाबांचे गुडघे. चढ मोठा नाही, पण पायवाट फरसबंद नाही; ओलं गवत, मेंढ्यांच्या लेंड्या, बांध उतरताना घसरण. घोट्याला आधार देणारे बूट असतील तर दोन तास आरामात फिरता येतं, चपला किंवा गुळगुळीत तळाचे बूट असतील तर पंधरा मिनिटांत परत फिरावं लागतं. तिसरी गोष्ट ऊन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. तिच्याबद्दल जरा सविस्तर.

तारावरचे बहुतेक बांध आज उंचीनं फार नाहीत. पाऊस, नांगर आणि गुरं यांनी ते झिजले आहेत, चर गाळानं भरले आहेत. असा उंचवटा डोळ्याला दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. जूनमध्ये भर दुपारी तिथे सूर्य सुमारे ६० अंशांवर असतो. एक मीटर उंचीच्या बांधाची सावली तेव्हा जेमतेम ६० सेंटीमीटर पडते, आणि उतरत्या बांधावर तीही दिसत नाही. सगळं एकसारखं हिरवं. डिसेंबरात दुपारी हाच सूर्य १३ अंशांवर असतो आणि त्याच बांधाची सावली चार मीटरांहून लांब होते. एरवी न दिसणारी वर्तुळं तेव्हा जमिनीतून वर आल्यासारखी वाटतात. सकाळी दव गोठलेलं असेल तर आणखी छान, कारण चरांतला पांढरा थर उशिरा विरघळतो आणि चराची रेघ आखून दिल्यासारखी दिसते. आईबाबा उन्हाळ्यात येत असतील तरी काही बिघडत नाही. जूनच्या अखेरीस संध्याकाळी आठला सूर्य जवळपास डिसेंबरच्या दुपारइतकाच खाली असतो. म्हणजे न्यूग्रेंज दिवसा, तारा संध्याकाळी. दोन्हींतलं अंतर गाडीनं अर्ध्या तासाच्या आसपास. न्यूग्रेंजला थेट जाता येत नाही. ब्रू ना बोन्या नावाच्या तिथल्या पर्यटक-केंद्रातून त्यांच्या बसनं नेतात आणि तिकिटं बरीच आधी संपतात. ताराला तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. चर्चमधलं माहितीकेंद्र मात्र हंगामी असतं, त्यामुळे त्या भरवशावर जाऊ नका. स्वच्छतागृह आणि चहाची सोय गाडीतळाजवळ, तीही संध्याकाळी बंद होते. डब्लिनहून अंतर सुमारे ४० किलोमीटर. बसनं जायचं तर ती माथ्यापर्यंत जात नाही, मोठ्या रस्त्यावर उतरून चढ चालावा लागतो. आईबाबांसाठी गाडीच बरी.

निघण्याआधी घरी अर्धा तास द्या. तारा टेकडीचं वरून घेतलेलं छायाचित्र फोनवर उतरवून ठेवा आणि त्यात एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळं शोधा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. ती सापडली की बाकी सगळं त्यांच्या संदर्भानं लावता येतं. आयर्लंडच्या राष्ट्रीय स्मारक सेवेचा नकाशा जालावर सगळ्यांना खुला आहे, त्यात प्रत्येक स्मारकावर ठिपका आहे. डोळ्यांना दिसणारी तीसेक स्मारकं आहेत, आणि जमिनीच्या आत चुंबकीय मोजणीत सापडलेली आणखी कितीतरी. पुरातत्त्वज्ञ कॉनर न्यूमन यांच्या गटानं १९९०च्या दशकात हे काम सुरू केलं. त्यात सगळ्यात मोठं निघालं ते एक भलंमोठं लंबगोल रिंगण: चर, आणि त्याच्या दोन्ही अंगांना लाकडी खांबांचे खड्डे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथे लाकडाचं प्रचंड वर्तुळ उभं असावं. आज त्यातलं काहीही वर दिसत नाही. चर्चच्या कुंपणाजवळ तुम्ही उभे असाल तेव्हा बहुधा त्याच्यावरच उभे असाल.

आता चालायचा क्रम. बहुतेक लोक फाटकातून आत जाऊन सरळ दगड उभा आहे तिथे जातात, फोटो काढतात आणि "संपलं?" म्हणतात. तसं करू नका. आधी उत्तरेकडे, उताराच्या खालच्या टोकाला जा. तिथे दोन लांब समांतर बांध दिसतील, मधे खोलगट पट्टी. लांबी सुमारे २०० मीटर. हाच तो मेजवानीचा वाडा. बाराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात त्याचा चक्क बैठक-आराखडा काढलेला आहे: कोणत्या दर्जाच्या माणसानं कुठे बसायचं आणि त्याच्या वाट्याला मांसाचा कोणता तुकडा यायचा. पंगतीतल्या मानापानाची ती यादी वाचायला फार सुरेख आहे. पण ही इमारत नव्हती. अभ्यासक आता तिच्याकडे मिरवणुकीची वाट म्हणून पाहतात, आणि ते स्वतःच्या पायांनी तपासता येतं. खालच्या टोकाहून मधल्या पट्टीतून हळूहळू वर चालत या. दोन्ही बाजूंचे बांध बाहेरचं जग झाकतात. बांधांत मधेमधे खिंडी आहेत; पश्चिमेकडच्या खिंडींतून जुनी दफन-टेकाडं डोकावतात आणि पुढचं पाऊल टाकलं की झाकली जातात. वर पोचता पोचता माथा आणि त्यावरचा सगळ्यात जुना ढिगारा समोर येतो. म्हणजे राजा होऊ घातलेल्या माणसाला पूर्वजांच्या समोरून चालवत वर आणायची ही वाट. वरून खाली चाललात तर यातलं काही कळणार नाही. इथे दिशेला अर्थ आहे.

वर आलात की चर्चच्या दगडी कुंपणाला लागून एक ओबडधोबड, खड्डे पडलेली जागा दिसेल. हे 'धर्मसभांचं रिंगण'. त्याची ती अवस्था काळानं केलेली नाही. १८९९ ते १९०२ या काळात इंग्रज म्हणजेच इस्रायलच्या हरवलेल्या टोळ्या असं मानणाऱ्या एका पंथानं बायबलमधली कराराची पेटी, म्हणजे देवाच्या दहा आज्ञांच्या शिळा ठेवलेली पेटी, इथे पुरली आहे या समजुतीनं हे रिंगण खणून काढलं. कवी येट्स आणि डग्लस हाइड, मॉड गॉन, आर्थर ग्रिफिथ या आयरिश राष्ट्रवाद्यांनी विरोध केला, पुढे खणणं थांबलं. पेटी मिळाली नाही, पण रिंगणाच्या थरांची वाट लागली ती कायमची. १९५०च्या दशकात शॉन ओ रीरदन यांनी तिथे नीट उत्खनन केलं तेव्हा रोमन बनावटीच्या वस्तू मिळाल्या. रोमन सैन्य आयर्लंडमध्ये राज्य करायला कधी आलं नाही, पण रोमन जगातला माल या टेकडीपर्यंत पोचत होता. पुराणकथा खरी मानून खणायला घेतलं तर काय होतं, हे आईबाबांना दाखवायला याहून चांगली जागा नाही.

चर्चच्या आवारात दोन उभे दगड आहेत, एक उंच, एक बुटका. त्यांच्याकडे कुणी बघत नाही, तुम्ही बघा. ताराच्या राजाची परीक्षा सांगणाऱ्या जुन्या कथेत ब्लॉक आणि ब्लिक्न्या नावाचे दोन दगड येतात. दोन्ही एकमेकांना इतके जवळ की मधे फक्त हात आडवा जाईल. पण खरा राजा रथात बसून आला की दगड बाजूला सरकून वाट देतात. आवारातले हे दगड त्यांपैकीच असावेत असं पुष्कळ लोक मानतात. उंच दगडावर एक झिजलेली मानवी आकृती कोरलेली आहे. समोरून बघितलं तर दिसत नाही. फोनचा दिवा दगडाच्या कडेला, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा, म्हणजे उठाव वर येतो. शिलालेख वाचताना कडेनं उजेड टाकतात, तेच इथेही करायचं.

आता माथ्यावरचा ढिगारा, 'ओलिसांचा ढिगारा'. हे टेकडीवरचं सगळ्यात जुनं दिसणारं स्मारक, इसवीसनापूर्वी ३२००च्या आसपासचं, म्हणजे न्यूग्रेंजच्याच काळातलं. आत दगडी वाट आहे, चार मीटर लांब, मीटरभर रुंद, तीन कप्प्यांत विभागलेली. लोखंडी जाळीला कुलूप असतं, पण जाळीतून दिवा टाकला तर डाव्या हाताच्या मोठ्या शिळेवर वर्तुळं आणि नागमोडी रेघा कोरलेल्या दिसतात. उत्खननात इथे दोनशेहून अधिक माणसांच्या जळलेल्या अस्थी निघाल्या. पुढे कांस्ययुगातही लोक इथे माणसं पुरत राहिले. त्यांतला एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, गळ्यात माळ: काळ्या जेट दगडाचे, अंबर या गोठलेल्या राळेचे, कांशाचे आणि निळसर काचेसारखे फयान्सचे मणी. टेकडीवर माझं सगळ्यात जास्त मन रमतं ते या माळेपाशी. जेट ब्रिटनकडचं, अंबर बाल्टिककडचं. मण्यामण्याला वेगळा देश. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी एवढ्या दूरवरचं सगळं एका पोराच्या गळ्यात एकत्र आलं, आणि ते उतरवून न घेता त्याला तसंच मातीत ठेवलं.

'ओलिसांचा' का? आयरिश कायद्यात असं मानलं जाई की ज्याच्या बेड्यांत ओलीस नाहीत तो राजाच नव्हे. मांडलिकांची मुलं ताब्यात असणं ही राजेपणाची खूण. म्हणून माथ्यावरच्या सगळ्यात ठळक ढिगाऱ्याला ते नाव पडलं, पण आतल्या हाडांशी त्याचा काही संबंध नाही. नाव आणि जमीन यांत साडेतीन-चार हजार वर्षांचं अंतर आहे.

या वाटेचं तोंड नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या सूर्योदयाकडे आहे. म्हणजे साउइन आणि इम्बोल्क हे जुने सण. त्या दिवसांत सकाळी मागच्या दगडावर ऊन पडतं. इथे एक सावधगिरी घ्या. न्यूग्रेंजची वाट १९ मीटर लांब आहे, त्यामुळे तिथे उजेडाची पट्टी बारीक आणि दिवस नेमके. इथे वाट फक्त चार मीटर. आखूड नळीतून जसं रुंद दिसतं, तसा इथे उजेड बरेच दिवस आत येतो. तेव्हा "बरोबर याच तारखेला" असं कुणी ठासून सांगितलं तर मान डोलवू नका. दिशा खरी आहे, अचूकता मर्यादित.

ढिगाऱ्याच्या दक्षिणेला ती दोन चिकटलेली वर्तुळं. एक 'फोरा', म्हणजे राजासन, दुसरं कॉर्मकचं, म्हणजे कथांतल्या ताराच्या राजाचं घर. फोराच्या मधोमध उभा दगड म्हणजे लिया फॉल, नियतीचा दगड. कथेप्रमाणे तुआहा दे दानन या देवकुळानं आपल्याबरोबर चार अमोल वस्तू आणल्या, त्यांतली ही एक. खऱ्या राजाचा पाय लागला की दगड ओरडायचा. कुहूलिन या कथांतल्या वीरानं पुढे केलेल्या राजासाठी तो ओरडला नाही, तेव्हा कुहूलिननं रागानं त्याच्यावर तलवार घातली, असंही सांगतात. पण आज तो जिथे आहे ती त्याची मूळ जागा नाही. पूर्वी तो ओलिसांच्या ढिगाऱ्यापाशी होता. २६ मे १७९८ला या टेकडीवर आयरिश बंडखोर आणि सरकारी सैन्य यांची लढाई झाली. मेलेल्या बंडखोरांच्या दफनाची खूण म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगड उचलून फोरावर उभा केला. तेव्हा फोटोत दिसणारं 'राज्याभिषेकाचं दृश्य' दोनशे वर्षांचं आहे. दगड जुना, जागा नवी. २०१२ आणि २०१४ला कुणीतरी त्याची नासधूस केली, हातोड्यानं घाव घातले, रंग ओतला. हात लावायचा मोह होतो, पण टेकून उभं राहू नका.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी म्हणेन की बाकी सगळं राहिलं तरी चालेल, ती बघा. फोरा, कॉर्मकचं घर आणि ओलिसांचा ढिगारा या सगळ्यांना वेढणारं एक मोठं लंबगोल कडं आहे, 'राथ ना री', राजांचं रिंगण. उत्तर-दक्षिण ३१८ मीटर, पूर्व-पश्चिम २६४. आतून फोराकडून बाहेर चालत या. आधी पाय खाली उतरेल, मग वर चढेल. म्हणजे आधी चर, मग बांध. जरा थांबा आणि उलगडून बघा. शत्रूला थोपवायचं असेल तर खंदक बाहेर असतो आणि तटबंदी आत; हल्ला करणारा खाली, राखणदार वर. अहमदनगरचा भुईकोट असो की आणखी कुठला, खंदक आतून कुणी खणणार नाही. इथे उलटं आहे. बाहेर बांधावर उभा राहिलेला माणूस आतल्या माणसाहून उंच. संरक्षण म्हणून ही रचना निरुपयोगी आहे, आणि ज्यांनी ती केली त्यांना हे नक्की ठाऊक होतं. १९९७ला हेलन रोश यांच्या उत्खननात दिसलं की हा चर खडकात सुमारे तीन मीटर खोल, खाली निमुळता होत गेलेला होता आणि आतल्या बाजूला लाकडी खांबांचं कुंपण होतं. काळ इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास. एवढे कष्ट बाहेरच्याला आत येऊ न देण्यासाठी नव्हते. आत जे आहे त्याची सीमा आखण्यासाठी होते. बांधावर उभे राहून आत पाहणारे लोक, मधे पूर्वजांचा ढिगारा आणि राजा. आर्माजवळचा नॅव्हन किल्ला आणि किल्डेअरमधलं दून आलन्या या राजांच्या ठिकाणीही चर आतच आहे. म्हणजे हा योगायोग नाही, ती एक ठरलेली भाषा आहे.

चर आज भरून आलाय, काही ठिकाणी फक्त बशीसारखा खोलगटपणा उरलाय. चर्चकडच्या बाजूला तो फार पुसट आहे. दक्षिणेकडे चालत जा आणि ठळक भाग निवडा. आईला चरात उभं करा, बाबांना बांधावर, आणि फोटो काढा. माणसाच्या उंचीशिवाय या जागेचा एकही फोटो नीट येत नाही. सूर्य पाठीमागे घेऊ नका, कडेला घ्या. पाठीवरच्या उजेडात सावल्या मावळतात आणि फोटोत नुसती हिरवळ येते.

परतताना पश्चिमेच्या उताराकडून या. झाडीत, अगदी उताराच्या कडेला गोल, एका बाजूला कललेली दफन-रिंगणं आहेत, पाटीवर 'कललेले चर'. त्यांची गोष्ट मला ताराच्या सगळ्या गोष्टींत मोलाची वाटते. लुगद मॅक कॉन ताराचा राजा होता. राणीच्या वाफ्यात निळा रंग देणारी वनस्पती लावली होती, कुणाच्या तरी मेंढ्यांनी ती खाल्ली. राजानं निवाडा दिला: मेंढ्या जप्त. तिथे असलेला पोरसवदा कॉर्मक म्हणाला, "नाही. कापणीला कापणी. रोपं कापली गेली, तर मेंढ्यांची लोकर कापून द्या. रोपंही पुन्हा वाढतील, लोकरही." त्या क्षणी ज्या बाजूला खोटा निवाडा झाला, घराची ती बाजू उतारावरून खाली घसरली. पुढे वर्षभर गवत उगवलं नाही, झाडाला पान आलं नाही, कणसात दाणा भरला नाही. मॅक कॉनला राज्य सोडावं लागलं आणि कॉर्मक राजा झाला. पुरातत्त्वाच्या दृष्टीनं ती थडगी आहेत, उतारावर बांधली म्हणून कललेली. पण कथा सांगणाऱ्यानं ते कललेपण नीट पाहिलं होतं. जमिनीचा आकार घेऊन त्यानं त्यात राजधर्म भरला. राजा खरं बोलला तर जमीन पिकते, खोटं बोलला तर जमीनच सरकते.

आपला खरा धागा इथे जुळतो. आयरिश अभ्यासक मायल्स डिलन यांनी १९४७ला नेमक्या याच कल्पनेची, राजाच्या सत्याची, संस्कृत आणि पाली कथांतल्या सत्यक्रियेशी तुलना केली. 'हे सत्य असेल तर अमुक घडो' असं म्हणून घडवून आणणारी शक्ती दोन्हीकडे आहे. त्याउलट नावाचा धागा टिकत नाही. 'तारा' हे इंग्रजी वळण आहे. जुनं आयरिश नाव 'तेवर', त्याचं षष्ठीचं रूप 'तेवरख', त्यावरून इंग्रजांनी 'तारा' केलं. अर्थाबद्दल दोन मतं प्रचलित आहेत: दूरवर दिसणारी उंच जागा, किंवा 'कापून वेगळी काढलेली', म्हणजे पवित्र म्हणून राखलेली जागा. मूळ नावात 'तारा' हा उच्चारच नाही, त्यामुळे देवीशी संबंध लावायला आधार उरत नाही. बाबांना कुणी जालावरचा तसा लेख पाठवला असेल तर त्यांना मेंढ्यांची गोष्ट सांगा, ती जास्त जवळची आहे.

ही सगळी नावं जमिनीवर बसवली कुणी, हेही सांगून टाकते. दिनशनखस नावाची स्थलमाहात्म्यांची मोठी परंपरा आयरिश भाषेत आहे. त्यात अकराव्या शतकाच्या सुमारास ताराच्या स्मारकांची यादी आली: अमक्याच्या उत्तरेला तमकं, ढिगाऱ्यापासून इतक्या अंतरावर हे. १८३०च्या दशकात जॉर्ज पेट्री आणि जॉन ओडोनोव्हन या आयरिश अभ्यासकांनी ती यादी हातात घेऊन टेकडी पायी पालथी घातली आणि मोजणीच्या नकाशावर नावं मांडली. पाट्यांवर आज तीच आहेत. एक-दोन जागी त्यांची जुळणी चुकली असेलही, पण याद्यांतल्या दिशा इतक्या चोख आहेत की त्या लिहिणारा माणूस टेकडीवर स्वतः फिरला होता याबद्दल मला शंका नाही.

काही बारीकसारीक गोष्टी. गाडीतळाकडून येताना फांद्यांना चिंध्या बांधलेलं झाड लागतं. बांधायचंच तर सुती, सैल. प्लॅस्टिकच्या आणि नायलॉनच्या पट्ट्या फांद्यांना आवळून मारतात. नाणी खोडात ठोकू नका. धातुशोधक यंत्र घेऊन फिरणं हा कायद्यानं गुन्हा आहे. ड्रोनला परवानगी लागते. बांधाच्या माथ्यावरून सगळ्यांनी एकाच रेघेत चालू नका, तिथेच माती उघडी पडते आणि पाण्यानं वाहून जाते. गवताच्या अंगावरून पसरून चाला. मेंढ्यांच्या विणीच्या दिवसांत कुत्रा सोबत नको.

पूर्वेला बघितलंत तर दरीपलीकडे चर्चचा मनोरा असलेली टेकडी दिसते, ती स्क्रीन. मधून एम-३ महामार्ग जातो, जून २०१०ला सुरू झाला. रस्त्यासाठी खोदताना २००७ला याच दरीतल्या लिसमलिन गावी लोहयुगातलं ८० मीटर व्यासाचं खांबांचं वर्तुळ सापडलं. त्याची नोंद करून ते उत्खननानं काढलं गेलं आणि वरून रस्ता झाला. ताराभोवतीची दरी हाही त्याच राजभूमीचा भाग आहे की टेकडीच्या कुंपणापाशी ती संपते, हा वाद त्यातून पेटला. वारा पूर्वेचा असेल तर गाड्यांचा आवाज माथ्यावर ऐकू येतो. मला विचाराल तर ती दरी वगळून तारा समजत नाही, म्हणून स्क्रीनकडे पाच मिनिटं तोंड करून बसा.

आणि डब्लिनला परत आलात की दुसऱ्या दिवशी किल्डेअर रस्त्यावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आईबाबांना घेऊन जा, प्रवेश मोफत आहे. १८१०ला या टेकडीवर सापडलेली पिळदार सोन्याची दोन कडी तिथे आहेत. शेजारी नाव वाचून फसू नका: 'तारा ब्रोच' ताराचा नाही, तो १८५०ला बेटिसटाउनच्या किनाऱ्याजवळ मिळाला, ते नाव तो विकणाऱ्या सोनारानं दिलं.

आईबाबा कोणत्या महिन्यात येताहेत आणि बाबांना उतार जमतो का, एवढं कळवलंत तर पश्चिमेकडचा उतार ठेवायचा की गाळायचा ते सांगते. उतार जमत नसेल तर कललेले चर फोराच्या बांधावरून दाखवायची सोय नाही, झाडी आड येते. मग मेजवानीच्या वाड्याच्या वरच्या टोकाला बसवून तिथेच मेंढ्यांची गोष्ट सांगा.